अप्पांची जोडी

"पोहता येतं का?"

माजलगावात भाड्याची खोली बघत फिरताना मी अप्पांच्या दारात उभी राहिले, तेव्हा त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. त्याआधीच्या घरमालकांनी नवरा कुठं असतो, मटण खाता का, पाहुणे फार येतात का, असलं सगळं विचारून घेतलं होतं. एकीनं तर आडून आडून जातही काढून घेतली होती. अप्पांनी माझं नावसुद्धा विचारलं नाही.

"येतं," मी म्हटलं. "माझं माहेर गोदाकाठचं आहे."

अप्पांनी आत तोंड करून आवाज दिला, "अवं, खोली गेली बरं का!" मग किल्ली माझ्या हातात दिली आणि दुकानाकडं चालू लागले.

मी किल्ली घेऊन तशीच उभी. आतून काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "येडे हायत. मनावर घेऊ नगा, बाई. पाणी सकाळच्याला येतं."

मी तिथल्या शाळेत गणित शिकवायला आले होते. नवरा लातूरला नोकरीला, शनिवारी आला तर यायचा. माझी खोली वरच्या मजल्यावर होती. मागच्या खिडकीतून अप्पांचं आवार दिसायचं, आवारापलीकडं धरणाचा कालवा. आणि त्या आवारात, बाभळीच्या सावलीला, दोन लांबच लांब लोखंडी सांगाडे पडलेले असायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं, कारखान्याच्या उसाच्या गाड्यांचे असतील. दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकाला होडीसारखं टोक निघालं.

अप्पांचं मोंढ्याच्या रस्त्याला लोखंडी सामानाचं दुकान होतं. खिळे, कड्या, पाइप, पत्रे, तारेची जाळी. माणूस उंच, सडसडीत. पांढरं धोतर, पांढरा सदरा, कपाळावर भस्माचे आडवे पट्टे आणि गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग. बोलणं कमी, आणि जे बोलायचे ते समोरच्याला टोचेल असंच. एकदा मी दुकानात असताना एक गिऱ्हाईक दाराची कडी मागायला आलं. अप्पांनी विचारलं, "दार कसलं हाय?" तो म्हणाला, "आंब्याचं, जुनं, खालून किडलंय." अप्पा म्हणाले, "मग कडी कशाला? ढकलून आत जाईल की कुणीबी. आधी दार कर, मग ये." आणि खरंच कडी दिली नाही. दुकान कसं चालत होतं, देव जाणे. पण चालत होतं. माणसं शिव्या देत जायची आणि पुन्हा तिथंच यायची.

हे होड्यांचं वेड त्यांना पुतण्यामुळं लागलेलं. पुतण्या इंग्लंडात होता. त्यानं फोनवर तिकडच्या कालव्यांची चित्रं पाठवली होती. अरुंद कालव्यातून चालणाऱ्या लांबट, चिंचोळ्या बोटी. पुढच्या बोटीला इंजिन, मागची दोरानं बांधलेली, तिच्यात चूल, अंथरूण, फुलांच्या कुंड्या. पूर्वी तिकडं म्हणे अशाच जोडीनं कोळसा वाहायचे, नवरा पुढच्या बोटीत, बायको मागच्या. अप्पा दुकानात बसून ते पुन्हा पुन्हा बघायचे. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी बघायचे.

"पर कावून?" असं ज्यानं त्यानं त्यांना विचारलं. प्रत्येकाला वेगळं उत्तर मिळालं. पुण्यातला मुलगा फोनवर ओरडला, लोक हसतात म्हणाला, तेव्हा त्याला म्हणाले, "हसू दे की. फुकट हाय." पाटबंधाऱ्याच्या साहेबांना म्हणाले, अभ्यास करायचाय. काकूंना म्हणाले, तुला फिरवायला. मला मात्र एकदा, जिन्यात उभं राहून, कुणी ऐकत नाही ना बघून म्हणाले, "कालवा दुकानामागून जातो, बाई. जल्म गेला माझा. त्यो पुढं कुटं जातो ते म्या बगितलंच न्हाई."

परवानगीसाठी त्यांनी कचेरीचे उंबरे झिजवले. साहेब 'हो'ही म्हणेनात आणि 'नाही'ही. शेवटी तिथल्या कारकुनानं सांगितलं, "अप्पा, आमच्या नियमात बोट हा शब्दच नाही." अप्पा उठले. म्हणाले, "मग मनाईबी न्हाई." आणि घरी येऊन त्यांनी रफिक मिस्त्रीला रंग आणायला पाठवलं.

रफिक मिस्त्री वेल्डर. अप्पांच्या दुकानाशेजारीच त्याची टपरी. दोन्ही होड्या त्यानं जोडल्या. तो आणि अप्पा रोज भांडायचे. पट्टी वाकडी आहे, पट्टी सरळ आहे, यावरून दुपार दुपार जायची. काकू मागच्या दारात बसून ज्वारी निवडायच्या आणि या दोघांकडं ढुंकून बघायच्या नाहीत. होड्या होईपर्यंत त्या नवऱ्याशी कामापुरतंच बोलत होत्या. "जेवा." "उठा." "दूध सांडलं." एवढंच.

पुढच्या होडीला शेतातल्या पंपाचं डिझेल इंजिन बसवलं. तिला अप्पा थोरली म्हणायचे. मागचीला इंजिन नव्हतं, फक्त लांब दांड्याचं सुकाणू. ती धाकटी. खरं नाव ठेवा म्हणून लोक मागं लागले, तर म्हणाले, "नाव दिलं की पूजा मागती. नगं."

हिवाळ्यात रब्बीसाठी कालव्याला पाणी सुटलं तेव्हा हायड्रा क्रेन बोलावून दोन्ही होड्या पाण्यात सोडल्या. अर्धं माजलगाव बघायला जमलं होतं. थोरली नीट चालली. धाकटीवर रफिक मिस्त्री सुकाणू धरून होता. पहिल्याच वळणावर धाकटीचं ढुंगण फिरलं आणि ती काठावर आपटली. लोक हसले, शिट्ट्या वाजल्या. मिस्त्रीनं दांडा उजवीकडं दाबला, होडी आणखी डावीकडं गेली. पुन्हा आपटली. काठावरून काकू बघत होत्या. त्या युसूफ वडगावकडच्या शेतकरी घरातल्या, लहानपणी बैलगाडी हाकलेल्या. तिसऱ्यांदा होडी आपटली तेव्हा त्यांना राहवलं नाही. चपला काठावर काढल्या, लुगड्याचा काचा मारला आणि होडीत उतरल्या.

"सरका तिकडं," त्या मिस्त्रीला म्हणाल्या. "बैल दाबला का उलटा जातो. एवडं कळंना?"

त्या दिवसापासून धाकटी काकूंची झाली. तिच्यात त्यांनी शेगडी मांडली, डबे लावले, तेलाच्या पिंपात बेलाचं रोप लावलं. अप्पांना त्या होडीत पाऊल ठेवायला विचारावं लागायचं. नवराबायको पुन्हा बोलायला लागले, तेही एका होडीतून दुसऱ्या होडीत ओरडून.

रविवारी मला घेऊन जायचे. काकू म्हणायच्या, बाई येत असली तरच मी येते. पहिल्या काही रविवारी मला फार भीती वाटली, हे सांगायला हवं. लांबून कालवा निवांत दिसतो. आत बसलं की कळतं, दोन्ही बाजूंचा सिमेंटचा उतार शेवाळानं गुळगुळीत झालेला असतो. पडलात तर पोहता येऊनही उपयोग नाही. धरायला काही नसतं, चढायला काही नसतं. पाणी घेऊन जातं ते जातं. पूल ठेंगणे. पाणी चढलेलं असलं की सगळ्यांनी होडीत उताणं पडायचं, आणि पुलाची स्लॅब नाकावरून जायची. इतकी जवळून, की तिच्यावरची कोळ्यांची जाळी तोंडाला लागायची. अप्पा मात्र पडत नसत. ते नुसते गुडघ्यावर बसून मान झुकवायचे, आणि प्रत्येक पुलाखाली मला वाटायचं, आता गेला हा माणूस. पलीकडं उजेडात आल्यावर ते तसेच, पट्टे न पुसलेले, ताठ.

खाली गेलं की पाइप लागायचे. शेतकरी काठावरून कालव्यात पाइप सोडून पाणी ओढतात. रीतसर नसतं ते, पण सगळे करतात. एका ठिकाणी थोरलीच्या टोकात असा पाइप अडकला, ताणला गेला आणि फाटला. काठावर एक आडव्या अंगाचा जवान उभा होता. त्याचं नाव बालाजी, हे नंतर कळलं. हातात कोयता. बघता बघता आणखी चार-पाच जण आले.

"बे, कोन हाय त्यो? थांबव ती बोट! थांबव!"

अप्पांनी इंजिन बंद केलं. थोरली काठाला लागली. बालाजी उतारावर बसून खाली आला आणि कोयत्याची मूठ त्यानं होडीच्या पत्र्यावर आपटली.

"गव्हाला शेवटचं पाणी हाय माझ्या. पाइप फुटला. आता कोण देतं पाणी? तुमचा बाप?"

"माजा बाप मेला," अप्पा म्हणाले. "पाइप मी देतो."

"तुमी सायेबाला सांगायला आलाव. आमाला ठावं हाय. कुणाकुणाचे पाइप हायत ते मोजायला फिरताव."

मागची माणसं पुढं सरकली. एकानं काठावरचा दगड उचलला. काकूंनी धाकटीतून मला खुणेनं खाली बसायला सांगितलं. मी बसले. 

अप्पा होडीतून उतरले. धोतर भिजलं. फाटलेला पाइप त्यांनी दोन्ही हातांनी धरला, बालाजीकडं टोक दिलं आणि म्हणाले, "धर. रबरी ट्यूब हाय का? सुतळी हाय का?" आणि ते खरंच तिथं बसून पाइप बांधायला लागले.  बालाजीनं कोयता खाली ठेवला आणि टोक धरलं. अप्पांनी पाइप बांधला, पाणी चालू झालं.  निघताना अप्पा म्हणाले, "उद्या नवा पाठवतो. आणि पुढच्या खेपेला हाक देत येईन. पाइप उचलून धरा, मी खालून जातो."

तेव्हापासून तसंच चाललं. अप्पा लांबून "होऽऽ" अशी हाक द्यायचे, काठावरची माणसं पाइप उचलून धरायची, आणि जोडी खालून सरकायची. ज्यांनी दगड उचलला होता तेच काकूंना हरभऱ्याचे टहाळे द्यायला लागले.

पुढच्या वर्षीच्या रब्बीतली गोष्ट. रविवारच होता. आम्ही खालच्या अंगाला चाललो होतो. तिथं कालवा भरावावरून जातो, म्हणजे शेतं खाली आणि पाणी वर. उजव्या हाताला खाली बालाजीची वस्ती. पत्र्याची घरं, गोठे, एक मारुतीचं देऊळ. ऊन चांगलं होतं. काकू शेंगदाणे भाजत होत्या.

अप्पांनी अचानक इंजिन बंद केलं. मला वाटलं, काही बिघडलं. पण होडी थांबेना. उलट वेग वाढत होता.

"बाई," अप्पा म्हणाले, "काठाकडं बगा."

सिमेंटच्या उतारावर ओला पट्टा दिसत होता. पाणी उतरलं होतं. आणि आमच्या डोळ्यांदेखत आणखी उतरत होतं.

तेवढ्यात वळणावरून बालाजी पळत आला. डोक्याचा गमजा सोडून तो दोन्ही हातांनी हलवत होता. "अप्पाऽ! पुढं येऊ नगा! भराव फुटला! भराव फुटला!"

अप्पांनी दोर फेकला. बालाजीनं तो बाभळीच्या बुंध्याला गुंडाळला. दोर करकरला, थोरली गचका खाऊन थांबली आणि मागून धाकटी येऊन तिच्यावर आदळली. शेगडी कलंडली, शेंगदाणे पाण्यात गेले. दोर धरून आम्ही वर चढलो. वर चढल्यावर दिसलं.

पुढं, हाकेच्या अंतरावर, उजवा बांध तुटला होता. खेकड्यांनी आतून पोखरला असेल, असं नंतर सगळे म्हणाले. एखादी बैलगाडी आडवी जाईल एवढं खिंडार, आणि त्यातून पिवळं पाणी गर्जत खाली वस्तीवर कोसळत होतं. कडेची माती ढेकळा-ढेकळानं सुटत होती. खाली माणसं ओरडत होती. बायका पोरांना काखेत मारून देवळाच्या ओट्याकडं पळत होत्या. एक पत्र्याचं छप्पर आडवं होऊन वाहत निघालं होतं.

"धरणाचं दार बंद करा म्हणून फोन केला का?" अप्पांनी विचारलं.

"केला. लगेच बंद केलं त्यांनी. पर वरचं सगळं पाणी हिकडंच येणार की! तास न् तास येणार. तवर काय ऱ्हातंय? म्हातारी माणसं हायत खाली, अंथरुणाला खिळलेली."

माणसं पोती घेऊन आली होती. मातीनं भरलेलं पोतं टाकलं की क्षणभर दिसायचं आणि पलीकडं उडून जायचं. कुणीतरी अख्खं बाभळीचं झाड ढकललं. तेही काडीसारखं गेलं.

अप्पा खिंडाराकडं बघत होते. मग त्यांनी मान फिरवून मागं बघितलं, धाकटीकडं. परत खिंडाराकडं. त्यांचे ओठ नुसते हलत होते. मला समजलं होतं. ते बोलायची माझी छाती नव्हती.

बोलल्या काकू.

"बगताव काय नुसतं? आडवी घाला तिला."

"तुजी चूल हाय तिच्यात."

"चूल मेली! आडवी घाला मन्ते ना!"

मग अप्पा हलले. बालाजीला ट्रॅक्टर आणायला लावला. धाकटीच्या मागच्या कडीला जाड दोर बांधला, त्याचं दुसरं टोक ट्रॅक्टरला. धाकटी थोरलीच्या मागं होती, तिला शेजारून पुढं काढायची, दोर हळूहळू सैल करत खाली सोडायची. तिचं तोंड खिंडार ओलांडून पलीकडच्या धडधाकट बांधाला टेकलं की दोर सोडून द्यायचा. पाणीच तिला आडवी करून भोकावर दाबून धरेल. होडी खिंडाराहून कितीतरी लांब होती. पण तोंड जरा आधी वळलं, तर होडी सुरीसारखी सरळ भोकात घुसणार, खाली वस्तीवर जाणार आणि भोक दुप्पट करणार.

"सुकाणू धरायला पाहिजे," अप्पा म्हणाले. "मी जातो."

"तुमाला जमत न्हाई," काकू म्हणाल्या. "तुमी कवा धरलंय तिचं सुकाणू?"

"तू उतर म्हणतो ना मी!"

"अन् कोण धरील? मिस्त्री हाय का हितं? का बाई धरतील?" त्या होडीत उतरल्यासुद्धा होत्या. "माज्या कमरंला दोर बांधा. बोलू नगा. घरं चाललीत तिकडं."

अप्पांनी स्वतः दोर बांधला. पहिली गाठ नीट बसली नाही. त्यांनी ती सोडून पुन्हा बांधली. नवराबायको एकमेकांकडं बघत नव्हते. दोराचं टोक बालाजीनं घेतलं, त्याच्या मागं आणखी माणसं, त्यांच्यात मी.

धाकटी निघाली. ट्रॅक्टरवाला इंचा-इंचानं मागचा दोर सोडत होता. आम्ही काठानं तिच्या बरोबरीनं चालत होतो. जसजशी ती जवळ गेली तसतशी पाण्याची ओढ तिला उजवीकडं खेचू लागली. काकूंनी दांडा पोटाशी घेतला आणि सगळं अंग त्याच्यावर टाकलं. टोक वळायला लागलं. अप्पा ओरडले, "दाब! दाब! अजून दाब!" काकू काही ऐकत नव्हत्या. त्यांची नजर पलीकडच्या बांधावर होती. खिंडाराच्या गर्जनेत आमचेच शब्द आम्हाला ऐकू येत नव्हते. टोक खिंडारासमोर आलं. आता गेलं, असं वाटलं. पुढं सरकलं. पलीकडच्या सिमेंटवर लोखंड घासल्याचा कर्कश आवाज झाला आणि टोक टेकलं.

"सोडा!" अप्पांनी हात खाली टाकला. ट्रॅक्टरवरचा दोर सुटला. "उतर! उडी मार!"

काकूंनी दांडा सोडला आणि काठाकडं झेप घेतली. त्याच क्षणी होडीचं ढुंगण फिरलं. सुकाणूचा दांडा भिरभिरत आला आणि त्यांच्या लुगड्यात अडकला. त्या उतारावर पडल्या, अर्ध्या पाण्यात, आणि होडी त्यांना ओढत न्यायला लागली.

"ओढा!"

आम्ही ओढलं. माझे तळहात सोलले. बालाजी उताणा पडला तरी त्यानं दोर सोडला नाही. अप्पा शेवाळावरून घसरत खाली गेले. पोहता येत नव्हतं त्यांना, ते मला तेव्हा कळलं. त्यांनी काकूंचा दंड धरला आणि दुसऱ्या हातानं लुगडं फाडायला लागले. फाटेना. दातांनी धरलं. मग टर्रकन आवाज झाला आणि दोघंही एकदम आमच्याकडं आली, एका माणसाच्या दोरावर दोघं.

त्याच वेळी धाकटी खिंडारावर आडवी बसली. असा आवाज आजवर मी ऐकला नाही. सगळा भराव पायाखाली हादरला. होडी मधोमध वाकली, कलली, पाणी तिच्यात शिरलं आणि ती आपल्या वजनानं तिथंच खाली बसली. गर्जना थांबली. फटींतून पाणी उडत होतं, पण आता ते पाणी होतं, पूर नव्हता. माणसं धावली. पोती, ताडपत्री, उसाचं पाचट, जे मिळेल ते. या वेळी पोती राहिली.

काकू काठावर बसल्या होत्या. फाटक्या लुगड्यावर कुणीतरी घोंगडी टाकली होती. अप्पा त्यांच्या शेजारी बसले. ते म्हणाले, "लागलं का?"

काकू म्हणाल्या, "बेलाचं झाड काढायचं ऱ्हायलं."

आणि मग त्या हमसून रडायला लागल्या.

वस्तीत काही घरं पडली, जनावरं गेली. माणूस एकही गेलं नाही. साहेब आले, त्यांनी होडी बघितली. मग हळूच म्हणाले, "अप्पा, वर काय कळवू मी?"

"कळवा, एक बोट बुडाली," अप्पा म्हणाले.

खरा त्रास पुढं झाला. पाणी चालूच ठेवायचं होतं, म्हणून होडी तशीच राहू दिली, तिच्यावर माती टाकली. महिन्याभरात वस्तीच्या बायकांनी तिच्या वर आलेल्या टोकाला हळदकुंकू लावलं. मग हिरव्या बांगड्या. मग झेंडा. बाहेरगावचे लोक नारळ घेऊन येऊ लागले. काकूंना तिथं नेऊन त्यांची ओटी भरली. अप्पांना कुणी हार घालायला आलं, तर ते मागच्या दारानं दुकानातून निघून गेले.

उन्हाळ्यात कालवा कोरडा झाला आणि दुरुस्तीचं काम निघालं. ठेकेदार म्हणाला, होडी कशाला काढता, आतच राहू द्या, वरून सिमेंट मारू. वस्तीलाही तेच हवं होतं. अप्पांना कळल्याबरोबर ते हायड्रा घेऊन तिथं हजर. बरोबर रफिक मिस्त्री, काकू आणि मी.

माणसं आडवी आली. सगळ्यांत पुढं बालाजी.

"अप्पा, आमची देवी हाय ती. हात लावू देणार न्हाई."

"लोखंड हाय त्ये! पातळ पत्रा हाय! गंजंल. आत पोकळी हुईल, अन् एक दिवस निजलेल्या जागी सगळे जाताल!"

"तुमाला काय आमची काळजी? तुमची बोट तुमाला परत पायजे, एवडंच हाय!"

हे ऐकल्यावर अप्पांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, ते आता बालाजीच्या थोबाडीत मारतील. एक म्हातारी काठी टेकत गेली आणि होडीच्या टोकाशी मांडी घालून बसली. तिच्यामागं आणखी बायका बसल्या. हायड्रावाल्यानं इंजिन बंद केलं. उन्हात कुणी हलेना.

काकू पुढं गेल्या. म्हातारीच्या समोर, तापलेल्या मातीत, बसल्या.

"माय, माजी चूल व्हती हिच्यात. मलाबी काढू वाटंना. रातच्याला झोप येत न्हाई मला. पर हिनं तुमची घरं राकली त्ये तुमी ऱ्हावं म्हणून. तुमाला बुडवायला न्हाई."

 म्हातारीनं हात पुढं केला. काकूंनी तिला धरून उठवलं.

होडी निघाली तेव्हा धनुकलीसारखी वाकलेली होती. तिचे तुकडे केल्याशिवाय नेता येत नव्हती. मिस्त्रीनं गॅस कटर पेटवला आणि विझवला. "मेरे से नही होगा, अप्पा," म्हणाला. "म्या जोडली."

"म्हणूनच तू काप," अप्पा म्हणाले. "दुसरा कापंल तर वाकडी कापंल."

मिस्त्रीनं कापली. अप्पा इतके जवळ उभे होते की ठिणग्यांनी त्यांच्या धोतराला भोकं पडली. शेवटचा तुकडा ट्रॉलीत चढेपर्यंत ते तिथून हलले नाहीत. मग त्यांनी बांधावर जाऊन पहिलं घमेलं मुरूम स्वतः टाकलं. दुसरं बालाजीनं टाकलं.

त्या पावसाळ्यात माझी बदली नेकनूरला झाली. हिवाळ्यात पाणी सुटलं तेव्हा अप्पांचा फोन आला. "या रविवारी. थोरली काढतोय."

मी गेले. जोडीतली एकच होडी. काकू पुढं बसल्या होत्या, आमच्याकडं पाठ करून. अप्पा सुकाणूवर. काठावरची माणसं पाइप उचलून धरत होती. भरावावर आलो तेव्हा अप्पांनी इंजिन बंद केलं आणि होडी पाण्याबरोबर जाऊ दिली.

"बाई, सांगा बरं, कुटं फुटला व्हता?"

मी बघितलं. दोन्हीकडं सारखं सिमेंट. बांधावर सारखं गवत. खाली वस्तीत नवे पत्रे चमकत होते, कुणीतरी वाळवण घातलं होतं.

"इथं?"

"न्हाई."

"मग त्या बाभळीपाशी?"

"न्हाई!" अप्पा हसले. त्यांना असं तोंडभरून हसताना मी पहिल्यांदाच बघत होते. "सापडत न्हाई! मलाबी सापडत न्हाई, बाई. असं काम झालंय. कुनाला कळणारबी न्हाई, हितं काय झालतं."

मी काकूंकडं बघितलं. अप्पांनीही बघितलं. काकूंनी मान वळवली नव्हती, पण होडीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. इतकी घट्ट, की बोटांची पेरं पांढरी झाली होती. डाव्या-उजव्या काठाकडं न बघताही त्यांना ती जागा माहीत होती. आम्ही नेमके तिच्यावरच होतो.

अप्पांचं हसू गेलं. त्यांनी सुकाणू माझ्या हातात दिलं, वाकून होडीच्या पुढच्या भागात गेले आणि काकूंच्या शेजारी बसले. होडी आपोआप पुढं सरकत होती. बरंच अंतर गेल्यावर काकूंनी एक हात सोडवला आणि अप्पांच्या गुडघ्यावर ठेवला.